सात गेले, सहा आले

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मला आत नेत होते. सन २००४, फेब्रुवारी महिना. अंगात मागून नाड्या बांधायचा हिरवा डगला, डोक्यावर कापडी टोपी, कवळी काढून घरच्यांच्या हातात दिलेली. चाळीस वर्षं रंगमंचावर राजे, सरदार आणि खाष्ट सासरे वठवलेल्या माणसाची कवळी काढून घेतली की मागे काय उरतं, ते स्ट्रेचरवर आडवं पडल्यावर कळतं.

मोठ्या दिव्याखाली मला ठेवलं आणि एक आया पायांवर चादर घालायला आली. सावळी, ठेंगणी, साठीला टेकलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मान तिरकी करून डावा गाल पाहिला, मग उजवा पाहिला. तोंडावरच्या फडक्याआडून म्हणाली,

"कप्तान ना तुम्ही?"

मी बोळक्या तोंडाने हो म्हणालो.

"सातवा कुठाय?"

मी काही बोलणार तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दहापासून उलटे आकडे मोजा बघू." मी मोजायला लागलो. दहा, नऊ, आठ, सात. सातावर अडकलो. पुढचं मला आठवत नाही.

तो प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. आठ वर्षांपूर्वी तोच प्रश्न पोस्टाने अठरा वेळा माझ्याकडे आला होता. विचारणारीचं नाव चंद्रभागा कचरू गायकवाड. आज मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी त्या सातव्याबद्दल सांगावं लागेल.

१९९६ साल. घराघरांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या. नव्या वाहिन्या आल्या होत्या आणि त्यांना रोज काहीतरी दाखवायला हवं होतं. आमच्या नाटकांचे प्रयोग कमी झाले होते. अशात एका निर्मात्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "अंतराळावर मालिका काढतोय. 'सप्तयान'. सात जण यानातून निघतात, दर आठवड्याला नवा ग्रह. तुम्ही कप्तान." मी आयुष्यात घोड्यावरसुद्धा नीट बसलो नव्हतो. पण कप्तान म्हटल्यावर नटाची मान आपोआप ताठ होते. मी हो म्हणालो.

चित्रण वाघोलीला होतं. तेव्हा वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचं गाव. तिथल्या खताच्या रिकाम्या गोदामात आमचं यान उभं राहिलं. कप्तानाची खुर्ची न्हाव्याच्या दुकानातली. समोरच्या फळीवर जुन्या मिक्सरची बटणं. डोक्याला स्कूटरची हेल्मेटं, चंदेरी रंग फासून. अंगात चंदेरी रेक्झिनचे कपडे, त्यात मे महिना. दाराशी गावकरी उभे राहून बघत. एक म्हातारबाबा रोज विचारायचे, "ह्ये इमान हाय व्हय? उडतंय कदी?" आणि आमचा श्याम त्यांना रोज एकच उत्तर द्यायचा, "उडत न्हाय बाबा, पर पडायचं न्हाय. खाली सिमिट हाय."

श्याम हा आमचा सातवा. मालिकेत त्याचं नाव वसंता. यानातली यंत्रं दुरुस्त करणारा, हसतमुख, वाक्यं कमी. माझ्या नाटक कंपनीत तो दहा वर्षं छोट्या भूमिका करत आला होता. त्याला पहिल्यांदाच रस्त्यात लोक ओळखायला लागले होते, आणि ते त्याला इतकं आवडायचं की तो मुद्दाम पीएमटीच्या बसने गर्दीच्या वेळी प्रवास करायचा.

मालिका लोकप्रिय होती, असं मी म्हणणार नाही. पण जे बघायचे ते डोळ्यांत तेल घालून बघायचे. पत्रांचा ढीग यायचा आणि त्यात कौतुकापेक्षा चुकाच जास्त. पुण्याचा प्रेक्षक. "आपल्या यानात वजन नाहीसे होते असे आपण सांगता. मग चहाची कपबशी कोणाच्या भरवशावर ठेवता?" असं एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं. दुसऱ्याने लिहिलं, "कप्तानांच्या गालावरील व्रण डावीकडून उजवीकडे जाण्यास किती प्रकाशवर्षे लागतात, कृपया कळवावे." खरंच होतं ते. रंगवाला बदलला की व्रणाची बाजू बदलायची. भिंतीवरचं घड्याळ तर सव्वीस भाग दहा वाजून दहा मिनिटंच दाखवत होतं. आम्ही ती पत्रं जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायचो आणि पोट धरून हसायचो.

त्या ढिगात एक पोस्टकार्ड दर आठवड्याला यायचं. पत्ता फक्त 'कप्तान, सप्तयान' असा, म्हणून ते माझ्या हाती पडायचं. मोठं, गोल, एकेक अक्षर सुटं काढलेलं. त्यात विज्ञान नसायचं, टोमणाही नसायचा. नुसती मोजणी. "बाहेर जाताना दोरीचे वेढे पाच. आत आल्यावर तीन." "निळ्या बाईच्या अंगरख्याला बटणं सहा. नंतर सात." खाली नाव, आणि पत्ता खडकीचा. श्याम म्हणायचा, "ह्या बाई वाण्याच्या दुकानात असणार. पुडी बांधायच्या आधी दोनदा मोजतात."

आठव्या भागाच्या शेवटी सातही जण ग्रहावर उतरले होते. नवव्याच्या आधी श्यामला कावीळ झाली. डोळे पिवळेधमक. निर्माता म्हणाला, काही बिघडत नाही, एक वाक्य घालू. लेखकाने मला कागदावर वाक्य लिहून दिलं. ग्रहावरून परत आल्यावर मी दार लावून घेतो आणि म्हणतो, "वसंता तळावर थांबलाय. परतताना त्याला घेऊन जायचंय." बस. श्याम बरा झाला की आम्ही त्याला घ्यायला जाणार होतो.

त्या दिवशी दोन वाजता वीज जाणार होती. सगळ्यांची घाई. मी दार लावलं, वळलो, आणि मला दिसलं की दिग्दर्शक घड्याळाकडे बघतोय. रंगमंचावर तीस वर्षं काढलेल्या नटाला एक वाईट खोड असते. प्रयोग लांबला, समोरचा प्रेक्षक चुळबुळायला लागला, की तो एखादं वाक्य खातो. कुणाला कळत नाही. विंगेतून प्रॉम्प्टर डोळे वटारतो, तेवढंच. वाघोलीच्या गोदामात प्रॉम्प्टर नव्हता. मी ते वाक्य खाल्लं आणि थेट पुढच्यावर गेलो, "चला, निघू या." दिग्दर्शक म्हणाला, ओके. पाच मिनिटांत वीज गेली. सगळे म्हणाले, वाचलो.

त्या आठवड्याचं पोस्टकार्ड आलं. "सात गेले, सहा आले. सातवा कुठे आहे?"

मी ते खिशात घातलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं नाही. वाचलं असतं तर लेखकाने विचारलं असतं, मी लिहिलेलं वाक्य कुठे गेलं? ज्येष्ठ नटाने वाक्य खाल्लं, हे सगळ्यांसमोर निघालं असतं. पुढच्या आठवड्यात कार्ड आलं, "सातवा?" त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा, "सातवा?" मी ती कार्डं रंगाच्या पत्र्याच्या पेटीत, क्रेपच्या दाढीमिशांखाली ठेवत गेलो.

चार आठवड्यांनी श्याम बरा होऊन आला. नगरच्या बसमधून उतरून, आपला चंदेरी अंगरखा ओल्या फडक्याने पुसून, पिशवीत घडी घालून. निर्माता त्याला म्हणाला, "अरे, गंमत बघ. तू नाहीस हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एकाही प्रेक्षकाचं पत्र नाही. मग आता कशाला तुला परत आणायचं? खर्च वाढतो."

श्यामने माझ्याकडे पाहिलं. सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचो ना. माझ्या पेटीत तेव्हा चार कार्डं होती. मी मिशी चिकटवत होतो. मी आरशातच बघत राहिलो.

तो दिवसभर बसला होता, कुणी बोलावेल म्हणून. संध्याकाळी अंगरखा खुर्चीवर ठेवून गेला. पुढे सासुरवाडीला, नेवाशाकडे, मेहुण्याच्या दुकानात बसायला लागला. त्याने परत तोंडाला रंग लावला नाही.

आता परत इस्पितळात येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाई वॉर्डात आल्या. कवळी परत मिळाली होती, त्यामुळे मीही माणसात आलो होतो.

"मला ओळखलंत कसं हो, चंद्रभागाबाई? व्रणावरून?"

"व्रणाचं काय खरं? तो इकडून तिकडे पळायचा. डाव्या कानाखाली तीळ आहे तुमच्या, तो जागेवर असायचा. तेवढंच एक जागेवर असायचं त्या मालिकेत."

"वा! म्हणजे तुम्ही नाटकाच्या माणसासारखं बघता."

"मग? तीस वर्षं मी पण थेटरातच आहे की." त्यांनी ऑपरेशनच्या खोलीकडे बोट दाखवलं. "तुमच्या थेटरात मेलेला माणूस उठून घरी जातो. आमच्या थेटरात तसं नसतं. म्हणून आम्ही मोजतो. ते असू दे. सातवा कुठाय?"

नट अडचणीत सापडला की पदरचं घालतो. मी आवाज खोल नेला, हात वर केला, आणि म्हणालो, "वसंता त्या ग्रहावरच राहिला. स्वतःच्या इच्छेने. तिथल्या लोकांना शहाणं करायला."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजत म्हणाल्या, "आठव्या भागात तुम्हीच सांगितलंत, त्या ग्रहावर कुणी राहत नाही. आणि त्याच्या पाठीवर हवेचं नळकांडं एक. पाचव्या भागात सांगितलंत, एका नळकांड्यात दोन दिवसांची हवा." त्यांनी माझी उशी सारखी केली. "खोटं बोलायचं तर नीट बोला, कप्तान. टाके ओले आहेत तुमचे, उगाच ताण नका देऊ."

आणि गेल्या.

संध्याकाळी सिस्टर सरोजिनी औषध द्यायला आल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे चंद्रभागाबाईंचं नाव काढलं. त्या हसल्या. "तुम्हालाही पकडलं का? अहो, मोठमोठ्या सर्जनना सोडत नाहीत त्या." मग त्यांनी सांगितलं. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला कापडाच्या जाड घड्या वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. वापरलेले मॉप बादलीत पडतात. ते काढून, रबराच्या चादरीवर पाच-पाचच्या रांगेत मांडायचे, हे चंद्रभागाबाईंचं काम. मोजायच्या सिस्टर. पण बाईंचे डोळे आधीच मोजून मोकळे असायचे. एकदा एक बडे सर्जन पोट शिवायला लागले आणि कोपऱ्यातून बाईंचा आवाज आला, "एक कमी आहे." सर्जन भडकले. आयाने बोलायचं नसतं. सिस्टरांनी परत मोजलं, खरंच एक कमी. सगळं थांबलं. पाऊण तास शोधाशोध. शेवटी तो मॉप सापडला सर्जनच्याच चपलेच्या तळाला चिकटलेला. सर्जन ओरडले, "एवढ्यासाठी थांबवलंत?" बाई म्हणाल्या, "सापडला ना? मग शिवा आता."

हसता हसता सिस्टर सरोजिनी थांबल्या. औषधाचा पेला माझ्या हातात दिला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "त्यांचा मुलगा हरवलाय हो. झाली नऊ वर्षं. त्यांच्यासमोर आम्ही कुणी तो विषय काढत नाही. उगाच त्रास नको त्यांना."

मुलाचं नाव अनिरुद्ध. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. १९९५ च्या जानेवारीत, एकविसाव्या वर्षी, कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली म्हणून हैदराबादला गेला. दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही. बाई जावयाला घेऊन तिकडे गेल्या, तर पत्रावरच्या पत्त्यावर साड्यांचं गोदाम. कंपनी गाशा गुंडाळून गेलेली. पोलिसांनी नोंद घेतली. नोंद आहे, पोरगा नाही.

मी त्या रात्री हिशोब लावला. जानेवारी पंचाण्णवमध्ये मुलगा जातो. पुढच्या वर्षी पावसाळ्यात बाई टीव्हीवर बघतात, सात जण बाहेर गेले, सहा आत आले, कप्तानाने दार लावलं आणि म्हणाला, चला, निघू या.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचा तांब्या भरायला आल्या. मी म्हणालो, "चंद्रभागाबाई, बसा जरा. खरं सांगतो." आणि सगळं सांगितलं. श्यामची कावीळ, वीज जायची वेळ, खाल्लेलं वाक्य. आवाज खोल नेला नाही, हात वर केला नाही.

"म्हणजे त्याला कुणी मारलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"फक्त सांगायचं राहिलं."

"हो."

"आणि माझी सातव्याची कार्डं? पोचली होती?"

"सगळी पोचली. अठरा."

"अठराच. बरोबर." त्यांनी ओठ मिटून घेतले. "मग ते वाचून त्या माणसाला परत का नाही बोलावलंत? तो बरा होऊन आला होता म्हणता ना? दारात उभा होता म्हणता."

मी चादरीची घडी सरळ करत राहिलो. त्यांनी तांब्या स्टुलावर ठेवला. पाणी भरायचं राहिलंच. घरी सोडेपर्यंतच्या दोन दिवसांत मग दुसरीच आया येत राहिली.

टाके वाळल्यावर, मार्च संपता संपता, मी खडकीला गेलो. बरोबर रंगाची पेटी. कचरूमामा, म्हणजे बाईंचे यजमान, कारखान्यात कामगार होते. ते गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि बाई बाजारामागच्या दोन खोल्यांत आल्या. दार त्यांची मुलगी मैत्री हिने उघडलं. दोन मुलींना घेऊन माहेरी आलेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्या शेजारी कचरूमामांचा हार घातलेला फोटो. आणि बाजूला एका पोराचा फोटो, निळा स्वेटर, पुढचे दोन दात थोडे पुढे. त्याला हार नव्हता.

"हा अनिरुद्ध का?" मी विचारलं.

मैत्रीने एकदम आईकडे पाहिलं. त्या घरात ते नाव पाहुण्याने घेतल्याला किती दिवस झाले असतील, कुणास ठाऊक. बाई मोरीतून हात पुसत आल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "बसा."

"हुशार होता का हो अभ्यासात?"

"आहे."

"माफ करा. आहे."

मग त्या बोलायला लागल्या आणि तासभर थांबल्या नाहीत. पोरगा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून शेजारच्या टीव्हीवर अंतराळातल्या इंग्रजी मालिका बघायचा. आईला बोलावून शेजारी बसवायचा. आईला इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही. "मग मी काय बघू? मी मोजायची. म्हणायची, अन्या, आत्ता त्याच्या हातात पेला होता, कुठे गेला? तो उड्या मारायचा. आई, तू सगळ्यांची बाप आहेस. मग आमचा खेळच झाला. दर आठवड्याला चूक कोण आधी पकडतंय. तोच म्हणायचा, मराठीत अशी मालिका आली की आपण पत्र लिहायचं." त्या थांबल्या. "आली तेव्हा तो नव्हता. मी चौथी शिकलेली. तरी लिहिलं."

मैत्री म्हणाली, "काका, आईने रेशनकार्डावरचं त्याचं नावसुद्धा ठेवलंय. ह्यांनी नुसतं म्हटलं, आई, नाव कमी करून घेऊ या..."

"कमी करायला तो काय आमटीतलं मीठ आहे?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लोक वाईट नाहीत हो. पहिलं वर्षभर सगळे विचारायचे. मग मला वाईट वाटू नये म्हणून गप्प झाले. मी आले की बोलणं बदलतात. नात्यातल्या लग्नांच्या पत्रिकेत मैत्रीचं नाव, जावयाचं नाव, माझं नाव. त्याचं नाही. माझ्या भल्यासाठी सगळ्यांनी ते वाक्य खाल्लंय, कप्तान. आता ते असं झालंय, की तो कधी आलाच नव्हता."

मी पेटी उघडली. दाढीमिशा बाजूला केल्या आणि अठरा कार्डं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती पाच-पाचच्या रांगेत जमिनीवर मांडली. शेवटची तीन वेगळी.

"म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते वाक्य. जे खाल्लंत ते."

मी उभा राहिलो. समोर प्रेक्षक तिघी-चौघी. एक नात तोंडात बोट घालून बघत होती. मी दाराशी गेलो, दार लोटलं, वळलो आणि म्हणालो, "वसंता तळावर थांबलाय. परतताना त्याला घेऊन जायचंय."

आयुष्यात हजारो वाक्यं म्हटली असतील मी. टाळ्या घेतल्या, शिट्ट्या घेतल्या. एवढ्या शांततेत दुसरं कुठलंही पडलं नाही.

बाईंनी कार्डांची एक रांग बोटाने सरळ केली. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"किती वेळ लागला असता हो ह्याला?"

"चार सेकंद."

त्यांनी मान हलवली. मग पदराने डोळे टिपले आणि मैत्रीला म्हणाल्या, "कप्तानांना चहा टाक. साखर कमी."

निघताना मी दारात असताना त्यांनी हाक मारली. "तुमच्या त्या श्यामला सांगितलंत का, की मी विचारत होते?"

सांगितलं नव्हतं. कार्डं परत मागून घेतली आणि त्याच आठवड्यात मी नेवाशाला गेलो. श्याम गल्ल्यावर बसला होता, केस पांढरे झालेले. मी त्याच्यासमोर एक कार्ड ठेवलं आणि माझी चूक सांगितली. त्याने चष्मा लावला, "सातवा?" एवढंच वाचलं, उलटून तारीख बघितली. मग म्हणाला, "हे मी ठेवू?" माझ्याशी पुढे बोलला नाही. मला ते मान्य आहे. बाईंकडे परतलो तेव्हा त्यांनी कार्डं मोजली. सतरा. मी सांगितल्यावर म्हणाल्या, "असू दे. त्याचंच होतं ते."

त्यानंतर पाच वर्षं महिन्यातून एखादा रविवार मी खडकीला जात होतो. त्या निवृत्त झाल्या होत्या. अंतराळातली कुठलीही मालिका लागली की आम्ही दोघं समोर बसायचो. मी एक चूक पकडेपर्यंत त्यांच्या तीन झालेल्या असायच्या. "कप्तान, अहो बघा, दंडाला पट्टी बांधली डाव्या आणि लंगडतोय उजव्या पायाने." मी म्हणायचो, वेगळी जखम असेल. त्या म्हणायच्या, "नटाची बाजू घ्यायची सोडणार नाही तुम्ही." अनिरुद्धचं नाव मात्र मी दर वेळी घ्यायचो. काही कळलं का, विचारायचो. त्या म्हणायच्या, "नाही." आणि त्या एका 'नाही'साठी मी यावं, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. त्या पुणे स्टेशनला जाऊन हैदराबादहून येणाऱ्या गाडीचे लोक बघून येतात, हे मैत्रीने मला एकदा हळूच सांगितलं. दर महिन्याच्या तीन तारखेला. तो तीन तारखेला गेला होता.

शेवटच्या वर्षी त्यांना फार दिसत नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, "मी आहे तोवर मोजते. मोजणारं माणूस गेलं, की मग बरोबरच होतं सगळं. कुणाला काही कमी वाटत नाही."

२००९ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. झोपेतच.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. विहारात तीसेक माणसं होती. इस्पितळातून सिस्टर सरोजिनी आल्या होत्या. वंदना झाली. मग वस्तीतल्या एका सद्गृहस्थाने खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. चांगला वाचत होता, ठसठशीत. चंद्रभागाबाईंनी तेहतीस वर्षं रुग्णसेवा केली, कष्टाने संसार उभा केला, वगैरे. मग शेवटच्या ओळीवर आला. "त्यांच्या पश्चात कन्या मैत्री, जावई आणि दोन नाती असा परिवार आहे."

कुणी हललं नाही. कुणाला काही कमी वाटलं नाही. मैत्री मान खाली घालून बसली होती. मी तिथला कुणी नव्हतो, नातेवाईक नव्हतो, समाजाचा नव्हतो. बोलायचा मला अधिकार नव्हता. वाचणाऱ्याने कागदाची घडी घातली. चार सेकंद गेले असतील.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

सगळे वळले. मी उभा होतो. म्हातारा आवाज, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय जात नाही.

"मुलगा अनिरुद्ध," मी म्हणालो. "आहे."

तो गृहस्थ गोंधळला. त्याने मैत्रीकडे पाहिलं. मैत्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने मान वर केली.

"हो," ती म्हणाली. "लिहा. त्याचं आधी लिहा. तो मोठा आहे."

कुणीतरी पेन दिलं. त्याने मांडीवर कागद उलगडला, दोन शब्दांच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं.